फी भरायच्या आधी

बेटा,

तुझा मेसेज रात्री पावणेतीनचा, म्हणजे नाईट ड्युटीवरूनच टाईप केलेला दिसतोय. एम.एस्सी. नर्सिंगची सीट मिळतेय पण आता मन लागत नाही, मी घाबरतेय की मला खरंच नकोय तेच कळत नाही, असं लिहिलंस. सकाळी चहा घेता घेता ते चार वेळा वाचलं मी. फोन केला असता, पण फोनवर तू सगळ्यालाच "हो मॅडम" करतेस, कॉलेजपासूनची सवय तुझी, म्हणून लिहूनच पाठवतेय.

पहिलं हे की सलग सहाव्या नाईटला काहीच ठरवू नको, हो पण नाही आणि नाही पण नाही. ऑफ घे, रावेरला घरी जा, दोन दिवस झोप, आईच्या हातचं भरीत अन् कळण्याची भाकर खा. त्यानंतरही मन मागेच ओढत असेल तर त्या मनाचं ऐकायला पाहिजे, ते काही कच्चेपणाचं लक्षण नाही गं.

आता मुद्द्याचं. एम.एस्सी. केली की आयसीयूतली अजून मोठी सिस्टर होईन असं तुझ्या डोक्यात आहे असं मला वाटतंय, कारण माझ्याही डोक्यात तेच होतं. अभ्यासक्रम उघडून बघ एकदा. पहिल्या वर्षाला नर्सिंग एज्युकेशन, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स, दुसऱ्या वर्षाला मॅनेजमेंट आणि डिसर्टेशन म्हणजे प्रबंध, हे सगळं कंपल्सरी, तू मेडिकल सर्जिकल घे नाहीतर पेडियाट्रिक, सायकियाट्रिक, कम्युनिटी, ओबीजी (बाळंतपण-स्त्रीरोग) काहीही घे. म्हणजे ही डिग्री बहुतेकींना शिकवायच्या नाहीतर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या खुर्चीकडे नेते. आपल्याकडच्या प्रायव्हेटमध्ये बेडसाईडला, म्हणजे पेशंटच्या खाटेपाशी, एम.एस्सी.वाली आणि बी.एस्सी.वाली यांच्या पगारात फारसा फरक मी तरी बघितला नाही. तर तू क्षमतेचा प्रश्न विचारतेयस स्वतःला, जमेल का, झेपेल का, आणि मी म्हणते तो प्रश्नच बाजूला ठेव, झेपेल तुला. तुला रोज सकाळी वीस पोरींना घेऊन वॉर्डात उभं राहायला आवडेल का, ते बघ.

माझं सांगते. मी ११ वर्षं वॉर्डात काढली आणि ३४व्या वर्षी एम.एस्सी.ला गेले, पोरगा पहिलीत होता तेव्हा. संपल्यावर एका कॉलेजात लागले आणि पहिली दोन वर्षं फाईलीतच गेली, इन्स्पेक्शन आलं की रजिस्टरं रंगवा, हजेऱ्या जुळवा, एका पेशंटला हात लागला नाही. फार रडले मी त्या काळात. घरी सांगता येईना, कारण सगळे पेढे वाटून बसलेले.

मग एक सकाळ आली. मेडिसीन वॉर्ड, सेकंड इयरची एक पोरगी टीपीआर म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा चार्ट घेऊन आली, बारा पेशंट आणि बाराही जणांचे श्वास मिनिटाला २०, न मोजताच लिहिलेले. तुलाही माहितीये हे सगळीकडे चालतं. मी ओरडले नाही, तिला शिरपूरकडच्या एका आजोबांजवळ नेलं आणि मनगट धरायला लावलं. नाडी मोजून झाली, आता बोटं काढू नको म्हटलं, तशीच ठेव आणि नजर छातीवर ने, पूर्ण एक मिनिट, कारण आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो, त्याला वाटू दे तू अजून नाडीच बघतेयस. तिचे ओठ हलत होते मोजताना. ३२ आले, फारच जास्त. बीपी चांगलं, ताप नाही, आजोबा आपले "बरं शे, बरं शे" म्हणतायत. डॉक्टरांना बोलावलं, एक्सरे झाला, न्यूमोनिया निघाला, संध्याकाळी आयसीयूत आणि आठ-नऊ दिवसांनी काठी टेकत घरी. त्या पोरीने त्यानंतर कधी २० लिहिलं नाही, आणि तिच्या बॅचनेही नाही.

बिघाडाची पहिली खूण बऱ्याचदा श्वासात दिसते, बीपी मागून पडतं, हे ११ वर्षं माझ्या हाताला माहीत होतं. पण ते का होतं आणि दुसऱ्याच्या हातात ते कसं उतरवायचं, हे मला त्या दोन वर्षांच्या अभ्यासाने दिलं. म्हणून मला पश्चात्ताप नाही. पण मला शिकवणं आवडतं हे मला नंतर कळलं, फी भरून झाल्यावर, आणि तुझं तसं होऊ नये एवढंच बघतेय मी.

त्याला साधा उपाय आहे. बी.एस्सी. आणि वर्षभराचा अनुभव असला की ट्यूटर म्हणून लागता येतं, तुझा तर तीन वर्षांचा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथे जागा मिळेल तिथे एक वर्ष पोरींना क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डातल्या प्रॅक्टिकलला, घेऊन जा. पगार थोडा कमी येईल, येऊ दे. वर्षाअखेर तुला सोमवारची सकाळ हवीशी वाटत असेल तर एम.एस्सी. डोळे झाकून कर. आणि जर सारखं वाटलं की बाजूला हो, ती सलाईनची लाईन मीच लावते, तर तू बेडसाईडची आहेस, आणि ते काही खालचं काम नाही बेटा. तुझ्यासारखीसाठी क्रिटिकल केअरचा १ वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअरचा २ वर्षांचा कोर्स आहे, रेसिडेन्सी पद्धतीचा, बरंचसं शिकणं वॉर्डातच. कॉलेजं कमी आहेत त्याची, बाहेर जावं लागेल.

आणि हे नीट वाच. एम्सच्या नॉर्सेटला, म्हणजे नर्सिंग ऑफिसरच्या भरती परीक्षेला, बी.एस्सी. पुरते आणि वयाची अट ३० आहे, राखीव गटाला सवलत. तू २६ची. एम.एस्सी. ३४ला पण होते, मी केली, नॉर्सेटचं दार मात्र त्याआधी बंद होतं. जे दार आधी बंद होणार तिकडे आधी बघावं असं माझं मत आहे. ड्युटी करून रोज दोन तास अभ्यास, अवघड आहे, पण ते फीपेक्षा स्वस्त आहे.

पैशाचं तू एका ओळीत उरकलंस, "पप्पा बघतील म्हणाले". पप्पा कुठून बघणार ते तुला माहितीये ना? केळीचे पैसे कटाई झाल्यावर, आणि जूनच्या वादळात बाग आडवी झाली की काहीच नाही. कर्ज काढून शिकू नये असं मी म्हणत नाही, पण मन धरसोड करत असताना काढलेलं कर्ज फार जड जातं, मध्येच सोडलंस तरी हप्ते सुटत नाहीत. आणि कॉलेजने ओरिजिनल कागद जमा करून घेतले तर सोडताना ते परत कसे मिळणार, किती फी परत मिळणार, हे भरायच्या आधी लेखी विचार. एकदा कॉलेजच्या हॉस्पिटलात सकाळी दहाला न सांगता जाऊन ये, बेडवर पेशंट आहेत का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. खाटा रिकाम्या असतील तर तिथे दोन वर्षं काय शिकणार आहेस?

स्थळं बघताना मुलगी एम.एस्सी. आहे सांगितलं की वजन पडतं, हे तुझ्या काकूंचं म्हणणं मला कळतं, गावात तसंच चालतं. पण त्या वजनासाठी दोन वर्षं आणि बापाची बाग लावू नको. पप्पांना मी ओळखते, चिडतील एक दिवस, संध्याकाळी स्वतःच विचारतील मग काय करायचं म्हणतेस. तेव्हा तुझ्याकडे उत्तर पाहिजे, "बघू" नको.

ऑफ कधी आहे ते कळव आणि फी भरायची शेवटची तारीख पाठव. रविवार असेल तर पॅसेंजरने धुळ्याला ये, दुपारचं जेवण माझ्याकडे. सोमवारी सकाळी माझ्यासोबत वॉर्डात चल, फर्स्ट इयरची नवी बॅच आहे, नाडी-श्वास शिकवायचाय, चार पोरी तुझ्याकडे देते.

तुझी,
मॅडम