‘नरो वा कुंजरो वा’ आणि मॅकबेथचा दारवान

प्रश्न असा आला आहे: शेक्सपियरचं ‘मॅकबेथ’ मराठीत करायला घेतलं आहे. दुसऱ्या अंकातला दारवान ‘इक्विव्होकेटर’ (शब्द फिरवून फसवणारा) असा शब्द वापरतो. त्याला ‘नरो वा कुंजरो वा करणारा’ म्हटलं तर चालेल का?

मूळ कथेकडे पाहिलं तर चपखल बसतं, आजच्या वापराकडे पाहिलं तर नाही. आधी चपखल कसं ते सांगतो, कारण गंमत तिथेच आहे.

‘अश्वत्थामा मेला’ हे युधिष्ठिर द्रोणाचार्यांना ऐकू जाईल असं बोलला आणि ‘हत्ती’ हा भाग पुटपुटला. महाभारतात तिथे ‘अव्यक्त’ असा शब्द आहे. म्हणजे वाक्य पूर्ण धरलं तर खरं, पण ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचलेलं तेवढं खोटं. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमधले जेझुइट (कॅथलिकांच्या एका संघाचे) पाद्री जो युक्तिवाद करत होते तो जवळजवळ हाच. इंग्लंड तेव्हा प्रॉटेस्टंट होतं, आणि कॅथलिक पाद्री असणं तिथे देशद्रोह ठरत होतं. अधिकाऱ्याने ‘तू पाद्री आहेस का?’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणायचं आणि ‘तुला सांगायला बांधील असा नाही’ हे मनातल्या मनात जोडायचं. देवाला पूर्ण वाक्य ऐकू जातं, तेव्हा हे खोटं नव्हे. या युक्तीला म्हणायचे इक्विव्होकेशन.

हा शब्द पंडितांच्या वादातून गल्लीबोळात आला तो एका कटामुळे. ५ नोव्हेंबर १६०५ रोजी पार्लमेंट राजासकट उडवून देण्याचा बेत उघडकीला आला. हेन्री गार्नेट या जेझुइटाला त्याची कल्पना पाद्र्यापुढे गुप्तपणे दिल्या जाणाऱ्या पापाच्या कबुलीतून (कन्फेशन) आली होती आणि तो गप्प राहिला होता. कैदेत असताना शेजारच्या कोठडीतल्या पाद्र्याशी तो बोलला, ते लपून ऐकलं गेलं. विचारल्यावर त्याने आधी साफ नाकारलं, मग कबूल केलं. मार्च १६०६ मध्ये खटला चालला आणि मे महिन्यात त्याला फाशी झाली. त्याच वर्षी कॅथलिकांसाठी राजनिष्ठेची जी शपथ कायद्याने ठरवली, तिच्या मजकुरातच ‘कोणत्याही इक्विव्होकेशनशिवाय’ असं घालावं लागलं. बहुतेक अभ्यासक ‘मॅकबेथ’ १६०६ च्या आसपासचं मानतात.

आता दारवान पाहा. राजा डंकनचा मॅकबेथच्या हातून खून नुकताच झालाय, दार ठोठावलं जातंय, आणि हा झिंगलेला गडी स्वतःला नरकाचा द्वारपाल समजून एकेकाचं स्वागत करतोय. त्यातला एक पाहुणा म्हणजे तराजूच्या दोन्ही पारड्यांच्या बाजूने आणि दोन्हींच्या विरुद्ध शपथ घेऊ शकणारा, देवाच्या नावावर भरपूर द्रोह करूनही स्वर्गात मात्र शब्द फिरवता न आलेला इक्विव्होकेटर. त्याच्या आधी येतो तो गळफास लावून घेतलेला शेतकरी, ‘फार्मर’. गार्नेट जी टोपणनावं वापरायचा त्यांत ‘फार्मर’ हेही होतं. प्रेक्षक हसले असतील, आणि थोडे दचकलेही असतील.

मग ‘नरो वा’ का नको? कारण मराठीत त्याचा अर्थ सरकला आहे. ‘अध्यक्षांनी नरो वा कुंजरो वा अशी भूमिका घेतली’ म्हणजे त्यांनी हो किंवा नाही काहीच सांगितलं नाही, कुंपणावर बसून राहिले. गार्नेटवरचा आरोप मोघमपणाचा नव्हता, शपथेवर ठाम बोलून फसवल्याचा होता. शिवाय धर्मराजाचं नाव मागोमाग येतं आणि त्याच्याबद्दलची सहानुभूतीही. दारवानाच्या बोलण्यात सहानुभूतीला जागा नाही.

‘द्व्यर्थी’ सुचेल, पण द्व्यर्थी संवाद म्हटलं की आपल्या प्रेक्षकाला चावट विनोदच आठवतो. ‘दुटप्पी’मध्ये वागणं येतं, वाक्य येत नाही. ‘वाक्छल’ मला फार मोहाचा वाटला. न्यायशास्त्रातलं त्याचं उदाहरण प्रसिद्ध आहे: ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असलेला, की नऊ घोंगड्या असलेला? पण तिथे बोलणारा सरळ असतो, अर्थ वाकडा करतो तो प्रतिवादी. आपल्या नाटकात बोलणाराच दुसरा अर्थ पेरून ठेवतो. दिशा उलटी आहे. ‘पोटात एक, ओठात एक’ हे जेझुइटांच्या युक्तीला सगळ्यांत जवळचं, पण ते या एका पाहुण्यापुरतंच चालेल.

आणि अडचण नेमकी तीच आहे. हा शब्द नाटकात पुन्हा येतो. त्याच प्रवेशात दारवान दारूबद्दल बोलताना त्याचंच क्रियापद करतो: दारू वासना चाळवते आणि माणसाला गुंगवून झोपवते. मग पाचव्या अंकात बर्नमचं रान चालत येतंय अशी खबर मिळाल्यावर मॅकबेथ म्हणतो की खऱ्यासारखं खोटं बोलणाऱ्या सैतानाच्या इक्विव्होकेशनची मला शंका येऊ लागली आहे. पाद्री, दारू आणि सैतान अशा तिघांना एकच शब्द. राजा पहिला जेम्स याने १५९७ मध्ये चेटकविद्येवर पुस्तकच लिहिलं होतं. सैतान खरं सांगतो तेही फसवण्यासाठीच, ही त्या काळची पक्की समजूत होती. मॅकबेथचा सोबती सरदार बँको पहिल्याच अंकात तसं बोलूनही दाखवतो. चेटकिणींकडून मॅकबेथला भाकीत मिळालं होतं: बर्नमचं रान चालून येईपर्यंत तू हरणार नाहीस, आणि स्त्रीपोटी जन्मलेला कुणी तुला इजा करणार नाही. यातला एकही शब्द खोटा नाही. रान हललं, पण फांद्या तोडून. त्याला मारणारा सरदार मॅकडफ ‘स्त्रीपोटी जन्मला’ नाही, कारण पोट फाडून काढला. शपथेवर फिरवलेला शब्द आणि चेटकिणीचं भाकीत एकाच जातीचं आहे, असं त्या वर्षीच्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या मते ही शोकांतिका उभी आहे ती याच समजुतीवर, महत्त्वाकांक्षेवर कमी.

तेव्हा तिन्ही ठिकाणी टिकेल असाच शब्द हवा. मी ‘चकवा’ निवडेन. शब्दांचा चकवा देणारा, झोपेत चकवणारी दारू, सैतानाचा चकवा. चकवा लागलेला माणूस स्वतःच्या पायांनी चालतो, रस्ता ओळखीचा वाटतो आणि तरी भलतीकडे पोचतो. मॅकबेथलाही कुणी ओढून नेलेलं नाही. ‘चेटूक केलं’ म्हटलं की त्याची जबाबदारी संपते, ‘चकवा’ म्हटल्याने ती शिल्लक राहते.

दारवानाची भाषा मात्र अघळपघळ ठेवा. ‘या, चकवेबहाद्दर, या!’ एवढं पुरे. आणि चौथ्या अंकात लेडी मॅकडफचा मुलगा विचारतो, द्रोही म्हणजे काय? ती सांगते, शपथ घेऊन खोटं बोलतो तो. तिथे ‘चकवा’ घालायचा मोह टाळा. पोराला समजेल असं सरळ वाक्यच ठेवा, मूळातही ते सरळच आहे.