ओढ्यात आणि खाडीत गळासाठी जिवंत बारीक मासे कुठे शोधायचे, कसे पकडायचे?

तुम्ही लिहिलंय की घराजवळ ओढा आहे, तो पुढे खाडीला मिळतो, पण आमिषासाठी चार जिवंत मासे हवेत म्हणून जाळी घेऊन दिवसभर फिरलं तरी हाती काही लागत नाही. आणि लागलेच तर तासाभरात बादलीत उलटे तरंगायला लागतात. शिवाय विचारलंय, पहाटे जावं की संध्याकाळी? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देतो, कारण ते तुम्ही पकडणार कशाने यावर आहे.

माझं पहिलं वर्षही असंच गेलं. ओढ्यावर पोचलो की मी सरळ पाण्यात उतरायचो, गुडघाभर पाण्यात फिरत मासे शोधायचो आणि मग म्हणायचो, ओढ्यात मासेच उरले नाहीत. मासे होते, मला पाहून निघून जायचे. पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग सुमारे 97 अंशांच्या एका शंकूतून दिसतं, म्हणजे त्याच्या डोक्यावर जणू एक गोल खिडकी असते. काठावर उभा असलेला माणूस त्या खिडकीत ताडासारखा दिसतो. तोच माणूस चार पावलं मागे सरून उकिडवा बसला तर कडेला दबून जवळजवळ नाहीसा होतो. पायांची थाप तर त्यांना अंगावरच्या पार्श्वरेषेतून, म्हणजे कुशीवरून जाणाऱ्या, कंपनं टिपणाऱ्या रेघेतून कळते, डोळ्यांची गरजच नाही. म्हणून पहिली दहा मिनिटं जाळी पिशवीतच राहू द्या. मागे बसा. ऊन पाठीवर घेऊ नका, सावली पाण्यावर पडते. पोलराइज्ड काचांचा चष्मा असेल तर लावा, पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ दिसायला लागतो. या छंदात मी केलेला सगळ्यात उपयोगी खर्च तोच आहे, जाळ्यांच्याही आधीचा.

आता बघायचं काय? मासा शोधू नका, त्याची पाठ तळाच्याच रंगाची असते. चमक शोधा. कळपातला एखादा तळाच्या दगडावरचं शेवाळ टिपायला कलतो आणि त्याची कूस क्षणभर आरशासारखी लखलखते. एक चमक दिसली की तिथेच नजर ठेवा. दुसरी दिसते, तिसरी दिसते, आणि मग एकदम लक्षात येतं की ज्याला आपण गवताच्या सावल्या समजत होतो ते तीस-चाळीस मासे आहेत, सगळे प्रवाहाकडे तोंड करून एका जागी शेपट्या हलवत उभे.

ही जागा बहुतेक ठरलेली असते. खळाळतं पाणी जिथे डोहात शिरून मंदावतं, तिथे जोराची धार आणि संथ पाणी यांच्यामध्ये एक रेघ दिसते. फेसाचे बुडबुडे त्या रेघेवरून वाहत जातात. खाणं त्याच रेघेवरून येतं, म्हणून मासे तिच्या संथ बाजूला उभे राहतात. दुसरी जागा म्हणजे काठ पोखरून लोंबणाऱ्या मुळ्यांखाली. तिसरी, अगदी घोटाभर पाण्याच्या उथळ कडा, जिथे मोठा मासा शिरूच शकत नाही. डोहाच्या मधोमध जाळी मारण्यात मी बरेच महिने घालवले. तिथे बारीक मासे नसतात, त्यांना खाणारे असतात. पाऊस होऊन ओढा गढूळ आणि फुगलेला असेल तर मधली धार विसरा. मासे कडेच्या कोपऱ्यांत आणि येऊन मिळणाऱ्या लहान ओघळांच्या तोंडाशी दाटीने येतात. आणि काहीच कळेना तर खंड्या बघा. तो रोज ज्या फांदीवर बसतो तिच्याखाली काहीतरी असल्याशिवाय बसत नाही.

पकडायची साधनं चार. नवशिक्याने मी म्हणेन बाटलीच्या सापळ्यापासून सुरुवात करावी. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, गळा जिथे रुंद व्हायला लागतो तिथे कापा आणि कापलेला भाग उलटा करून आत बसवा, म्हणजे तोंड आतल्या बाजूला जाईल. कडेने चार भोकं पाडून तारेने किंवा दोऱ्याने शिवा. अंगावर तापवलेल्या खिळ्याने बारीक भोकं पाडा, नाहीतर पाणी खेळत नाही आणि आमिषाचा वास बाहेर जात नाही. आत दोन-चार खडे टाका म्हणजे ती तरंगणार नाही. खाणं म्हणून पावाचा घट्ट दाबलेला तुकडा किंवा पिठाची गोळी. भरपूर भरू नका, मासे बाहेरूनच चुरा टिपत बसतात. आता महत्त्वाची गोष्ट: तोंड प्रवाहाच्या खालच्या बाजूला ठेवा. वास खाली वाहतो, मासे वासाच्या मागे वर येतात आणि समोर नरसाळं असतं. मी सुरुवातीला उलटं ठेवायचो, कारण वाटायचं वाहत येणारे मासे आपोआप आत पडतील. मासे काही पालापाचोळा नाहीत. आत गेलेला मासा बाहेर पडायला भिंतीशी धडका देत राहतो, मधलं भोक त्याला सापडत नाही. सगळी करामत एवढीच आहे. दोरी बांधायला विसरू नका. तारेचे दोन्हीकडून नरसाळी असलेले सापळे मिळतात, ते हेच काम जास्त चांगलं करतात.

दुसरा पाग, म्हणजे गोल फेकजाळं. हातात बसलं की यासारखं दुसरं काही नाही, पण बसायला वेळ लागतो. पाण्यावर जाण्याआधी मोकळ्या जमिनीवर फेका. मी पहिले पन्नास फेके मारले तेव्हा जाळं प्रत्येक वेळी केळ्याच्या आकाराचं पडायचं. लहान व्यासाचं घ्या, पाच-सहा फुटांचं. आस, म्हणजे जाळ्याची भोकं, माशाच्या मापाची हवीत: बोटाएवढ्या माशाला पाऊण ते एक सेंटिमीटर. त्याहून मोठी घेतलीत तर मासे कल्ल्यांत अडकतात आणि सोडवताना मरतात. फारच बारीक घेतलीत तर जाळं पाण्यात छत्रीसारखं रेंगाळतं आणि कळप खालून निघून जातो. कळप दिसला की त्याच्यावर नाही, तो ज्या दिशेने चाललाय तिथे थोडं पुढे टाका. जाळं तळाला टेकेपर्यंत दोरी ओढू नका. आणि तळ आधी माहीत करून घ्या. कालवं, म्हणजे धारदार शिंपले, चिकटलेल्या खडकावर मी एक नवं कोरं जाळं टाकलं होतं. ओढलं तेव्हा अर्धं वर आलं.

तिसरं ओढजाळं, दोन काठ्यांमध्ये बांधलेलं दहा-बारा फुटांचं. रापणीचंच, म्हणजे किनाऱ्यावरून ओढतात त्या लांब जाळ्याचंच, लहान रूप समजा. दोघं लागतात, एकाने काठाजवळ राहायचं, दुसऱ्याने वळसा घालून काठाकडे यायचं, आणि जाळ्याची खालची कड तळाला घासत राहिली पाहिजे. ती वर उचलली गेली की संपलं. चौथं म्हणजे अगदी बारीक गळ आणि मुगाच्या दाण्याएवढी पिठाची गोळी. हसू नका. पाच-सहा मासेच हवे असतील तर हे बहुतेक वेळा सापळ्याहून लवकर होतं, आणि मासा ओठातच लागतो, खवले जात नाहीत.

खाडीचा हिशेब वेगळा. तिथे जागेपेक्षा वेळ मोठी. भरतीला बारीक मासे तिवरांच्या मुळांत, गवतात, चिखलाच्या पठारावर पसरतात. त्या वेळी कितीही जाळं मारा, दोन-तीनच येतील. ओहोटीचे शेवटचे दोन-तीन तास हे सगळं पाणी लहान लहान चरांतून मुख्य पात्रात उतरतं आणि मासे त्याच चरांतून खाली येतात. चराच्या तोंडाशी उभे राहा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची चढउतार मोठी असते, पठारं पूर्ण रिकामी होतात, त्यामुळे हे दाटणं जास्त जाणवतं. अष्टमीच्या आसपास भांगेचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी असतं तेव्हा एवढी गर्दी होत नाही. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा मागच्या रविवारची वेळ या रविवारी धरून जाऊ नका. खाडीतलं सगळ्यात चांगलं आमिष म्हणजे बोयीची पिल्लं. ती वरच्या थरात कळपाने फिरतात, पाण्यावर बाणाच्या टोकासारखी थरथर पुढे सरकताना दिसते, मधूनच एखादं उडी मारतं. बोय तळाचं शेवाळ आणि गाळातलं बारीकसारीक खाते, गळाला सहसा येत नाही, म्हणून तिथे पागच हवा. चिखलात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला. पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, चिखलात पुरलेली असते, पाय घासला की ती आधीच निघून जाते. आणि पाणी परत चढायला लागलं की मासे सोडून आधी तुम्ही बाहेर या.

आता बादली. तुमचे मासे गुदमरून मरतात. 20 अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात प्रत्येक लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास, आणि खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. त्यात गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. वर कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो. एकदा एकाच फेक्यात साठेक मासे आले, मी हावरटासारखे सगळे एका बादलीत भरले आणि बादली उन्हात ठेवून चहा प्यायला बसलो. परत आलो तेव्हा सगळे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते, आणि गळ टाकायच्या जागी पोचेपर्यंत चार उरले. तेव्हापासून दहा लिटरला बोटाएवढे दहा-बारा, याच्यावर एक नाही.

पाणी जिथून मासे घेतले तिथलंच घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते कल्ले जाळतं. काही ठिकाणी त्याऐवजी क्लोरामाइन घालतात आणि ते नुसतं रात्रभर उघडं ठेवून जात नाही. भांडं गोल आणि फिकट रंगाचं ठेवा. चौकोनी भांड्यात मासे कोपऱ्यात कोंबले जातात आणि नाकं घासतात. बॅटरीवरचा हवेचा पंप असेल तर उत्तम. नसेल तर भोकं पाडलेला झाकणाचा डबा दोरीने ओढ्यातच बुडवून ठेवा, त्याहून चांगली सोय नाही. थंड करायचं असेल तर बर्फ बंद बाटलीत घालून ती पाण्यात सोडा, थेट बर्फ टाकू नका. पाण्यावर फेस जमायला लागला की तिसरा हिस्सा पाणी बदला. मेलेला मासा लगेच काढा. हाताळताना हात आधी ओले करा: अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कवच असतं, आणि कोरड्या हाताला ते चिकटून येतं.

गळाला लावायचं म्हणाल तर वाहत्या पाण्यात दोन्ही ओठांतून, संथ पाण्यात पाठीवरच्या परामागे, कण्याच्या वरून. कण्यात गळ गेला तर तो मासा जिवंत आमिष राहिला नाही.

एक गोष्ट मात्र जाण्याआधीच करा: तुमच्याकडचे मासेमारीचे नियम बघा. सगळीकडे हे चालत नाही. स्कॉटलंडमध्ये गोड्या पाण्यात जिवंत मासा आमिष म्हणून वापरायलाच बंदी आहे. अनेक ठिकाणी जाळ्याच्या आसाचं माप, सापळ्यांची संख्या किंवा मासे एका पाण्यातून दुसऱ्यात नेणं यावर मर्यादा आहे. शेवटचा नियम मला आधी उगाच वाटायचा. मग 2005 नंतर उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये माशांना रक्तस्राव होऊन मारणाऱ्या विषाणूबद्दल वाचलं, आणि तो पुढे पसरू नये म्हणून जिवंत आमिषाच्या वाहतुकीवर घातलेल्या बंधनांबद्दलही. उरलेले मासे ज्या ओढ्यातले त्याच ओढ्यात सोडा, किंवा मारून गाडा. दुसऱ्या तळ्यात नाही, त्यांचं पाणीसुद्धा नाही. जाळं दुसरीकडे नेण्याआधी धुऊन कडकडीत वाळवा. आणि काय पकडलंय ते ओळखा. मोठ्या जातीच्या माशाची पिल्लं बारीक माशांसारखीच दिसतात, ती परत सोडायची.

तर पहाट की संध्याकाळ? पाग किंवा ओढजाळं असेल तर पहाटे नाही, ऊन थोडं वर आल्यावर जा, कारण कळप दिसायलाच हवा. गळाने पकडणार असाल तर संध्याकाळचे शेवटचे दोन तास. सापळा संध्याकाळी लावा आणि रात्री झोपण्याआधी काढा. सकाळपर्यंत ठेवायचा असेल तर वाहत्या पाण्यातच. पाणवनस्पती दाटलेल्या संथ डबक्यात रात्रभर त्या वनस्पतीच प्राणवायू वापरत असतात आणि पहाटेच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. अशा डबक्यात ठेवलेली माझी बाटली सकाळी काठोकाठ भरलेली निघाली होती, आणि आतला एकही मासा हलत नव्हता.