नाण्यावरचं गाढव आणि आत गेलेली अक्षरं

प्रश्न : आजीच्या डब्यातलं एक जाडसर चांदीचं नाणं सांगलीत सराफांना दाखवलं. ते म्हणाले, ‘हे गधैया, गाढवाचं तोंड आहे यावर.’ घरात कुणाला गाढव दिसतं, कुणाला मासा. मागच्या बाजूला तर सगळ्यांनाच तुळशीवृंदावन दिसतं. नक्की काय आहे?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : गाढव नाही, राजा आहे! इराणचा सासानी राजा फिरोज (इ. स. ४५९–४८४). त्याची नाणी हूणांच्या हाती मोठ्या संख्येनं पडली आणि पुढं आपल्याकडं त्यांच्या नकला निघू लागल्या. ठसा कोरणाऱ्यासमोर मूळ नाणं नसायचं, आधीची नक्कल असायची. मग नकलेची नक्कल, तिची आणखी नक्कल. दर खेपेला चेहऱ्यातलं काहीतरी गळत गेलं. नाणंही आक्रसलं. मूळची पातळ, रुंद चकती शेवटी जेमतेम दीड सेंटिमीटरची जाड गोळी झाली. वजन मात्र चार ग्रॅमच्या आसपास टिकलं आणि चांदीत तांबं वाढत गेलं.

राजा शोधायचा तर नाणं डोळ्याजवळ नेऊ नका. हात लांब करा, डोळे किलकिले करा आणि नाणं सावकाश फिरवा. उजवीकडं पाहणारा चेहरा एका क्षणी जुळून येतो : लांब रेघ म्हणजे नाक, ठिपका म्हणजे डोळा, मागच्या वळलेल्या रेघा आणि ठिपक्यांच्या रांगा म्हणजे मुकुट, केस आणि गळ्यातला हार. नाणं आडवं धरलं की तीच नाकाची रेघ मुस्कट होते, म्हणून गाढव. मागचं तुळशीवृंदावन ही तुमच्या घरच्यांची चांगली नजर म्हणायला हवी. ती खरोखरच पूजेची जागा आहे : अग्निवेदी आणि तिच्या दोन बाजूंना उभे दोन सेवक. वेदीचा खांब उरला, सेवकांचे ठिपके झाले. वरच्या बाजूला चंद्रकोर आणि सूर्य किंवा तारा सापडतो का पाहा. तो सापडला की नाणं सुलटं धरलंय, हे नक्की.

प्रश्न : शिवराईचा, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याचा, मोबाइलवर काढलेला फोटो मुलानं फिरवला, तर उठावाची अक्षरं एकदम खोदल्यासारखी दिसू लागली. नाणं हातात घेतलं तर अक्षरं वरच आहेत. हा काय प्रकार?
— एक शिक्षिका, कऱ्हाड

उत्तर : प्रकाश वरून येतो, हे आपली नजर गृहीत धरून चालते, सूर्य वर आहे, दिवा वर आहे. फोटो उलटा केला की उजेड खालून आल्यासारखा होतो. नजर ते मान्य करत नाही, त्याऐवजी उंचवट्याला खड्डा ठरवते. यादवांच्या पद्मटंकासारख्या बशीच्या आकाराच्या सोन्याच्या नाण्यांचे फोटो तर हमखास फसवतात : खोलगट बाजू फुगीर दिसते.

फोटो असा काढा. खिडकी बंद करून एकच टेबललॅम्प ठेवा. नाणं घड्याळाची तबकडी समजून दिवा दहा-अकरा वाजण्याच्या दिशेला, टेबलापासून थोडाच वर ठेवा, म्हणजे उजेड तिरका पडेल. दिवा डोक्यावर घेतला की सावल्या जातात आणि झिजलेलं अक्षर दिसेनासं होतं. समोरच्या बाजूला पांढरा कागद उभा धरा, सावली फार काळी होणार नाही. मोबाइल नाण्याला समांतर, फूटभर उंचीवर धरा आणि दुप्पट झूम करा. अगदी जवळ नेलात तर कडा वाकतात आणि मोबाइलचीच सावली पडते. मग नाणं न हलवता दिवा चारही बाजूंना नेऊन चार फोटो घ्या.

दुसऱ्याचा फोटो वाचायचा असेल, तर आधी दिवा कुठं होता ते ठरवा. अक्षराची दिव्याकडची कड उजळ असेल तर अक्षर उठावाचं. दिव्याकडच्या कडेला सावली असेल तर ते खरोखर आत गेलेलं. खरोखर आत गेलेली, उलटी प्रतिमाही काही नाण्यांवर असते. नाणं पाडताना चकती खालच्या आणि वरच्या ठशांमध्ये ठेवत. आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं आणि कारागिराच्या लक्षात न येता पुढची चकती त्याच्याखाली आली, की तिच्या एका बाजूला नेहमीचं चित्र उठतं आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र आरशातल्यासारखं आत जातं. बोटानं चाचपलं की शंका उरत नाही.

प्रश्न : एका चांदीच्या नाण्यावर माणसाच्या गालावर डोंगर उगवलेला दिसतो. मुखवटा आहे का?
— एक वाचक, वाई

उत्तर : दोन राजे एकाच चकतीवर आहेत. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली शक राजा क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारला होता. नाणी वितळवली नाहीत, म्हणून खालचा चेहरा पुरता मिटला नाही. सातकर्णीच्या ठशातला तीन कमानींचा डोंगर आणि त्याखालची नागमोडी रेघ चेहऱ्यावर कुठं पडली, त्यानुसार मुकुट, मिशी किंवा दाढी दिसते. एका वेळी एकच थर वाचा : आधी डोंगराची बाह्यरेषा कागदावर काढा, मग तिच्या बाहेर उरलेलं नाक आणि कान शोधा.

प्रश्न : आमच्या शिवराईवर फक्त ‘राजा’ आहे. हा कुठला वेगळा राजा?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : वेगळा नाही. एका बाजूला श्री / राजा / शिव अशा तीन ओळी, दुसऱ्या बाजूला छत्र / पति. ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळं वरची-खालची ओळ बाहेर राहिली. दुसरी बाजू पाहताना नाणं पूर्ण गोल फिरवून बघा; दोन बाजूंची अक्षरं एकाच दिशेला असतीलच असं नाही. मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर त्या शिरोरेघा समजून अक्षरं जोडू नका, ती दुदांडी शिवराई आहे.

प्रश्न : शेतात तांब्याची नाणी मिळाली. चिंचेनं घासली तर स्पष्ट वाचता येतील का?
— एक शेतकरी, शिराळा

उत्तर : अजिबात घासू नका. झिजलेल्या नाण्यावर उरलेलं अक्षर बऱ्याचदा वरच्या हिरव्या-तपकिरी थरातच असतं; चिंचेचं आम्ल तोच थर खातं. माती सैल करायला डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी रोज बदला, आणि बांबूच्या टोकदार काडीनं अलगद काढा. त्याआधी एक काम : जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. नाणी कुठं, किती खोल, कशात सापडली तेही त्याच अर्जात लिहा.