तुम्ही पोहोचाल तेव्हा ते काम तिथे असेल का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. सहा वर्षे आकडेवारीचे विश्लेषण आणि अहवाललेखन केल्यावर आता कर्ज काढून दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी परदेशी जावे, तिथेच नोकरी धरावी आणि जमल्यास स्थायिक व्हावे, असा तुमचा बेत आहे. त्यासंबंधी तुम्ही मुख्यतः दोन प्रश्न विचारले आहेत. अभ्यासक्रम संपेपर्यंत कृत्रिम बुद्धिमत्ता हे काम गिळून टाकेल का, हा पहिला. आणि सगळे काम यंत्रच करू लागले तर परक्या देशात आपण कोण म्हणून राहायचे, हा दुसरा. पहिल्यावर तुम्ही दीड पान लिहिले आहे आणि दुसऱ्यावर जेमतेम दोन ओळी. माझ्या अनुभवाने दुसरा प्रश्न मोठा आहे आणि स्थलांतर करणाऱ्याला तो इतरांच्या आधी गाठतो. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

मी पंधरा वर्षांपूर्वी देश सोडला तो तांत्रिक भाषांतराच्या कामासाठी. वैद्यकीय उपकरणांच्या माहितीपुस्तिका एका परक्या भाषेतून दुसऱ्या परक्या भाषेत नेणे हा माझा व्यवसाय. २०१६ साली गूगलने आपली भाषांतरसेवा न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकप्रणालीवर नेली, तेव्हा आम्ही सहकारी तिच्या चुका एकमेकांना वाचून दाखवत असू. पुढच्याच वर्षी गूगलच्या आठ संशोधकांनी अशा नेटवर्कची ट्रान्सफॉर्मर ही नवी रचना मांडली. त्यांच्या शोधनिबंधातले मुख्य प्रयोग इंग्रजीतून जर्मन आणि फ्रेंचमध्ये भाषांतर करण्याचे होते. आज निबंध लिहिणारी, प्रोग्रॅम रचणारी आणि तुमच्यासारख्यांचे अहवाल काही सेकंदांत तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे त्याच रचनेवर उभी आहेत. तुमच्या दारात जे आज येऊन उभे राहिले आहे, ते आधी आमच्या ओसरीवर वाढले.

त्या काळात मी स्वतःची समजूत तीन वेळा काढली. आधी म्हटले, लांबलचक वाक्ये यंत्राला पेलणार नाहीत. मग म्हटले, वाक्प्रचार कळणार नाहीत. शेवटी म्हटले, निदान संदर्भ तरी माणसालाच कळेल. तिन्ही वेळा मी चुकले, आणि दर वेळी चुकल्याचे कळायला आधीपेक्षा कमी काळ लागला. माझे काम एका दिवसात गेले नाही. त्याचे नाव बदलले. भाषांतर करण्याऐवजी यंत्राने केलेला मसुदा तपासणे हे काम झाले आणि शब्दामागचा दर जवळजवळ निम्म्यावर आला. पैशांचा फटका सोसता आला. पण सकाळी कोरे पान समोर घेऊन पहिले वाक्य जुळवण्यात जो जीव रमत असे, तो आनंद गेला, आणि त्याची भरपाई कुठल्याही दराने झाली नसती.

तपासनिसाचे काम कसे असते, हे एका वाक्यावरून सांगते. शिरेतून औषध देणाऱ्या पंपाच्या पुस्तिकेत, मराठीत सांगायचे तर, ‘नळीतील हवा पूर्ण निघून गेल्याशिवाय झडप उघडू नये’ अशा अर्थाची सूचना होती. यंत्राच्या मसुद्यात ती ‘नळीतील हवा पूर्ण निघून गेल्यावर झडप उघडू नये’ अशी उतरली होती. वाक्य इतके स्वच्छ, व्याकरणशुद्ध आणि आत्मविश्वासाचे होते, की डोळा त्यावरून घसरून पुढच्या ओळीवर गेलासुद्धा. दोन परिच्छेद पुढे गेल्यावर काहीतरी खटकले आणि मी मागे आले. जुन्या यंत्रांची चूक ओबडधोबड असे, म्हणून दिसत असे. नव्यांची चूक देखणी असते. ती मला खटकली, कारण त्याआधी दहा वर्षे अशी वाक्ये मी स्वतः, हाताने, अडखळत लिहिली होती. आज या व्यवसायात नव्याने येणाऱ्या मुलीला ती दहा वर्षे कोण देणार, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचा गाभाही मला तिथेच दिसतो.

भाकितांवर मी बेत आखणार नाही, तुम्हीही आखू नका. ज्यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले त्या, कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये, क्ष-किरणतज्ज्ञांचे प्रशिक्षण आता थांबवावे, पाच वर्षांत यंत्र त्यांच्यापेक्षा सरस ठरेल, असे जाहीरपणे म्हटले होते. क्ष-किरणतज्ज्ञ आजही लागतात, कारण प्रतिमा वाचणे हा त्यांच्या कामाचा एक भाग आहे, सगळे काम नव्हे. त्याउलट ‘हे यंत्राला कधीच जमणार नाही’ म्हणणाऱ्यांची गत मी वर स्वतःवरूनच सांगितली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये मांडलेला अंदाज असा, की जगातील सुमारे ४० टक्के नोकऱ्यांना या तंत्रज्ञानाचा स्पर्श होईल आणि प्रगत अर्थव्यवस्थांमध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास असेल. स्पर्श म्हणजे नोकरी जाणे नव्हे. काहींचे काम वाढेल, काहींचे घटेल. पण स्थलांतर करणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे, की आपण साधारणपणे कमी झळ असलेल्या ठिकाणाहून जास्त झळ असलेल्या ठिकाणी निघालो आहोत.

नवख्यांचे काय होणार, याबद्दल दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राहकसेवेतील ५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांचे काम तपासले. यंत्राची मदत मिळाल्यावर सरासरी उत्पादकता सुमारे १४ टक्क्यांनी वाढली; नवख्यांची ३४ टक्क्यांनी वाढली, तर मुरलेल्यांना फारसा फरक पडला नाही. अनुभवी माणसांचे कसब यंत्राने नवख्यांच्या हाती दिले, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि मलाही तेव्हा हायसे वाटले. परंतु २०२५ मध्ये स्टॅनफर्डमधूनच, याच ब्रिन्योल्फसन यांच्या सहभागाने, अमेरिकेतील पगाराच्या नोंदींवर आधारलेला दुसरा अभ्यास आला. ज्या व्यवसायांवर या तंत्रज्ञानाचा प्रभाव सर्वाधिक आहे, त्यांत २२ ते २५ वयोगटाचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटलेला त्यात आढळला. त्याच व्यवसायांतील वयाने मोठ्या, अनुभवी लोकांना तशी झळ बसलेली नव्हती. हे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. आत आलेल्या नवख्याला यंत्र वर उचलते, आणि त्याच कारणाने दारातून आत घेतल्या जाणाऱ्या नवख्यांची संख्या घटते.

तुम्ही सहा वर्षांचा अनुभव घेऊन निघाला आहात, ही तुमची जमेची बाजू. पण परक्या देशात त्या अनुभवाची किंमत पहिल्या दिवशी पूर्ण धरली जात नाही. बहुतेकांना एक पायरी खाली उतरून पुन्हा सुरुवात करावी लागते, आणि नेमकी तीच पायरी आता पोखरली जात आहे. त्यात व्हिसाची भर. स्थानिक माणसाची नोकरी गेली तर त्याचे उत्पन्न जाते. व्हिसावर असलेल्याचे उत्पन्न आणि राहण्याचा हक्क एकदमच धोक्यात येतात. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसावर नोकरी सुटल्यानंतर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. इतर देशांची मुदत वेगळी असेल, पण नोकरीला बांधलेला परवाना सगळीकडे याच जातीचा. कर्जाचे हप्ते मात्र मुदत पाहत नाहीत. म्हणून देश निवडताना पगाराच्या आकड्याआधी तीन गोष्टी पाहा: अभ्यास संपल्यावर नोकरी शोधायला किती काळ राहता येते, मालक बदलला तर परवाना टिकतो का, आणि कायम वास्तव्याचा हक्क किती वर्षांत मिळतो. विद्यापीठाच्या क्रमवारीपेक्षा मी या तिन्हींना अधिक वजन देईन.

कोणते काम ‘सुरक्षित’ आहे, असे तुम्ही विचारले आहे. त्याची यादी मी देणार नाही. तशी माझी यादी तीनदा फसली आहे. त्याऐवजी एक वेगळी कसोटी लावते. यंत्राला काय जमत नाही, हे विचारण्यापेक्षा, चूक झाल्यावर उत्तर द्यायला कोणाला उभे केले जाईल, हे विचारा. त्या पुस्तिकेच्या अखेरच्या प्रतीवर आजही माणसाची सही लागते आणि ती सही करणाऱ्याला पुस्तिका खरोखर समजलेली असावी लागते. तुमच्या क्षेत्रात अहवाल तयार करणे स्वस्त होत जाईल. पण हा आकडा कुठून आला, यात कोण मोजलेच गेले नाही आणि त्यावरून कोणाच्या भल्याबुऱ्याचा निर्णय होणार आहे, हे विचारून स्वतःच्या नावाने ठामपणे सांगणारा माणूस लागेल. अभ्यासक्रमात नवे सॉफ्टवेअर किती शिकवतात, यापेक्षा एखाद्या विषयाच्या तळाशी किती नेतात, हे बघून निवड करा. ही कसोटीही कधीतरी तोकडी पडेल, हे मी जाणून आहे. आज तिच्यापेक्षा बरी माझ्यापाशी नाही.

आता तुमच्या त्या दोन ओळींकडे येते.

अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० साली लिहिले होते, की शंभर वर्षांत आठवड्याला १५ तासांचे काम पुरेसे होईल आणि माणसापुढे खरा प्रश्न उभा राहील तो मोकळ्या वेळाचा. ती शंभर वर्षे आता भरत आली आहेत आणि बहुतेक माणसे अजून दुप्पट-तिप्पट तास राबत आहेत. पण त्याच दशकात मोकळ्या वेळाचे दुसरे रूपही दिसले होते. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावातली कापडगिरणी मंदीत बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळ भरपूर होता, तरी वाचनालयातून नेली जाणारी पुस्तके कमी झाली. रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांचा वेग मंदावला आणि ते वाटेत वारंवार थांबू लागले. संशोधकांनी घड्याळ लावून हे मोजले होते. याहोडा यांनी पुढे मांडले, की नोकरी पगाराशिवाय आणखीही काही देते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, आपल्याहून मोठ्या कामात वाटा, समाजात एक जागा आणि हातापायांना नित्याचा उद्योग.

हे वाचताना मला माझे इथले पहिले वर्ष आठवले. नोकरी होती, पगार होता, तरीही माझी चाल मंदावली होती. मागे सोडलेल्या जगात मी कोणाची तरी शेजारीण होते, कोणाला तरी गणित शिकवत होते, माझा सल्ला विचारला जात होता. इथे मी फक्त एक पदनाम होते. त्यामुळे यंत्राने जेव्हा त्या पदनामाला हात घातला, तेव्हा माझ्यापाशी दुसरे काहीच शिल्लक नव्हते. स्थलांतर केलेला माणूस आपले सगळे मोल एकाच खुंटीला टांगतो, कारण परवानाही तिलाच टांगलेला असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे जे प्रश्न उद्या सर्वांपुढे येतील असे म्हणतात, ते आपल्यापैकी कित्येकांनी विमानतळावरून बाहेर पडल्यावर पहिल्याच हिवाळ्यात अनुभवलेले आहेत.

मला त्यातून बाहेर काढले ते एका छोट्या कामाने. आठवड्यातून एक संध्याकाळ मी नव्याने आलेल्यांसोबत रुग्णालयात दुभाषी म्हणून जाऊ लागले. फोनमधले भाषांतर आता माझ्याइतकेच बरोबर असते, कधी माझ्याहून सरस. तरी एक वयस्कर बाई डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या आणि हातातल्या कागदाची घडी लहान लहान करत होत्या, तेव्हा मी डॉक्टरांना थांबवून म्हटले, की यांना काही कळलेले नाही, त्या केवळ संकोचाने होकार देत आहेत. ही खूण उद्या यंत्रालाही टिपता येईल. तरीही मी जाते. कारण ती संध्याकाळ मी कोणाच्या तरी उपयोगी पडते, आणि मी जगात सर्वांत सरस आहे की नाही याच्याशी त्या उपयोगाचा संबंध नाही. १९९७ मध्ये बुद्धिबळाचे जगज्जेते कास्पारोव्ह डीप ब्लू या संगणकाकडून हरले, तरी बुद्धिबळ खेळणारे घटले नाहीत. उलट गो या पटावरच्या खेळात अल्फागो या संगणकप्रणालीकडून २०१६ मध्ये हरलेल्या ली सेडोल या नामवंत खेळाडूने २०१९ मध्ये निवृत्ती घेताना, आपण कितीही अव्वल झालो तरी हरवता न येणारे काहीतरी समोर आहे, अशी व्यथा बोलून दाखवली. त्यांना मी दोष देत नाही. ज्याचे सारे आयुष्य अव्वल असण्यावर उभे होते त्याला ते दुःख होणारच. म्हणूनच तुम्हाला सांगावेसे वाटते, की दुसरी खुंटी स्थिरस्थावर झाल्यावर ठोकू, असे म्हणू नका. पहिल्या सहा महिन्यांत ठोका, पगाराशी संबंध नसलेली, आणि तिथल्या माणसांच्या भाषेत.

त्यामुळे भाषा शिकावी का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर, जरूर शिकावी, असेच आहे. कामापुरते फोन भागवेल. मैत्री, भांडण आणि सांत्वन त्याच्यावर सोपवता येत नाही.

जावे की न जावे, हे मी ठरवू शकत नाही, पण तुमच्या जागी मी असते तर कर्जाची रक्कम नोकरी न मिळताही पाच-सहा वर्षांत फेडता येईल इतकी खाली आणल्याशिवाय निघाले नसते. प्रवेशाची मुदत तीन आठवड्यांवर आली आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तेवढ्यात त्या अभ्यासक्रमाच्या मागील दोन वर्षांच्या चार-पाच पदवीधरांना गाठा. पहिली नोकरी मिळायला किती महिने लागले हे विचारा, आणि त्या नोकरीत पहिले सहा महिने शेजारी बसून शिकवणारे कोणी होते का, हेही विचारा. त्यांची उत्तरे आली की मला कळवा, मग कर्जाचे गणित आपण एकत्र बसून मांडू.