आखूड नळीचं, मोठ्या बोअरचं (म्हणजे नळीचं भोक रुंद असलेलं) रिव्हॉल्व्हर लोक कशासाठी घेतात? त्याचा खरंच काही उपयोग असतो का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की डेन्व्हरला नोकरीसाठी येऊन आठ महिने झाले, एच-१बी म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहात, एका दुकानात काचेखाली अडीच इंची नळीचं पॉइंट ४४ मॅग्नम, म्हणजे त्या नावाचं जोरदार काडतूस उडवणारं रिव्हॉल्व्हर, पाहिलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. जाणार नाही. माझ्याही गेलं नव्हतं. त्यापायी ह्यूस्टनच्या मराठी लोकांत सहा वर्षं माझ्या नावावर एक किस्सा फिरतोय, आणि तो अर्धवट आहे. त्यामुळे उत्तर लांबेल.

आकर्षण कशाचं, ते हातात घेतल्यावर कळतं. नळी जेमतेम अंगठ्याएवढी आणि तिचं भोक मात्र करंगळीचं टोक अडकेल एवढं. लहान तोंडी मोठा घास. हे वेडही आजचं नाही. बर्मिंगहॅमच्या वेबली कंपनीने १८७२ मध्ये कोटाच्या खिशात मावेल असं अडीच इंची ‘ब्रिटिश बुलडॉग’ काढलं, पाच गोळ्यांचं, आणि ते जगभर खपलं, नक्कल झालं. २ जुलै १८८१ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर राष्ट्राध्यक्ष गारफिल्डना गोळ्या घातल्या गेल्या, त्या तसल्याच बुलडॉगमधून. (ते गेले सप्टेंबरमध्ये, आणि गोळीपेक्षा डॉक्टरांच्या न धुतलेल्या हातांनी गेले असं आज मानतात.) १९७३ला अमेरिकेत चार्टर आर्म्सने तेच नाव घेऊन ४४ स्पेशलचं (मॅग्नमपेक्षा सौम्य काडतुसाचं) बुलडॉग आणलं. माणसाला खिशात तोफ हवी असते. यात समजण्यासारखं आणखी काही नाही.

आता उपयोग. मी अलास्कात राहतो, अँकरेजला, चौदा वर्षं झाली. इथे ही वस्तू दागिना नाही, निदान सगळ्यांची तरी नाही. जुलैत सॉकाय सामन नदीत चढतात तेव्हा रशियन रिव्हरवर माणसं कोपराला कोपर लावून उभी असतात, आणि त्याच माशांसाठी अस्वलंही येतात. छातीवर बांधायच्या चामडी म्यानात अडीच इंची नळी नीट बसते. वाकलं तर टोचत नाही, सॅकच्या पट्ट्यात अडकत नाही, गाडीत बसताना काढावी लागत नाही. सहा इंची घेतलेले लोक ती पहिल्या वर्षी बांधतात, दुसऱ्या वर्षी सॅकमध्ये ठेवतात, तिसऱ्या वर्षी घरी. शिवाय अस्वल अंगावरच आलं तर नळी त्याच्या अंगाला टेकवूनही रिव्हॉल्व्हर उडतं. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, तशी दाबली गेली तर ते उडेलच असं नाही.

तर २०१९. जुलैत आमचे साडू ह्यूस्टनहून मासेमारीला येणार होते. ते माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, मूळचे कोल्हापूरचे, टेक्सासात पंचवीस वर्षं, आणि बंदुकीतलं आपल्यालाच कळतं अशी पक्की समजूत. त्यांच्यासमोर कमी पडायला नको म्हणून मी मे महिन्यातच सेकंडहँड एक ४४ मॅग्नम घेतलं. हलक्या मिश्रधातूच्या सांगाड्याचं, अडीच इंची, सहा गोळ्यांचं. घरी आणून काट्यावर ठेवलं तर ८३० ग्रॅम. बायको म्हणाली, “तो पीठ मोजायचा काटा आहे, त्यावर ते ठेवू नकोस.” मी वजनावरच खूश होतो.

साडूंनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, “काय पावणं, हे अस्वलाला दाखवायला आणलंय का आम्हाला?” मग बॅगेतून एक प्लॅस्टिकचा डबा काढला. त्यात पन्नास काडतुसं, त्यांनी स्वतः गॅरेजमध्ये भरलेली. माणसं लोणच्याची बरणी आणतात, तसे हे विमानाच्या सामानातून काडतुसं घेऊन आले होते. (चेक-इन बॅगेत नीट डब्यात पाच किलोपर्यंत नेता येतात, नियमात बसतं.) हा डबा लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी रॅबिट क्रीकच्या रेंजवर गेलो. सहा भरली. पहिला बार काढला आणि तळहातावर कुणी बॅट मारल्यासारखं झालं. अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं सोललं. नळीच्या तोंडाशी टरबुजाएवढा जाळ. कानांवर मफ्स होते, आत बोळेही होते, तरी दात वाजले. दुसऱ्याला डोळे मिटले, हे कबूल करतो. तिसऱ्याला गोळी कुठे गेली ते आजतागायत माहीत नाही, कागदावर तरी नव्हती. चौथ्याला चाप हलेना. घोडा अंगठ्याने ओढून पाहिला, तोही येईना. सिलिंडर बाहेर काढावं तर तेही अडकलेलं. आत तीन जिवंत काडतुसं आणि सगळं जाम. रेंज ऑफिसर आला, तोंड समोर करून टेबलावर ठेवायला लावलं, आणि त्या बिचाऱ्याला ते सोडवायला वीस मिनिटं लागली. शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं थांबून बघत होती. आमचे साडू हाताची घडी घालून म्हणाले, “अस्वलाला सांगा, जरा थांब, पावणं सिलिंडर काढतायत.”

हेच वाक्य ह्यूस्टनच्या गणपतीत दरवर्षी आरतीनंतर होतं. वर त्यांची टिप्पणी ठरलेली: “एवढ्याशा नळीत एवढी गोळी घातली तर अडकणारच.” आणि लोक माना डोलावतात. इंजिनिअर लोक!

नळीचा आणि अडकण्याचा काडीचा संबंध नाही. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की आपण दांड्याचं बूड जमिनीवर आपटतो. दांडा थांबतो, लोखंड जडत्वाने पुढे सरकतं. इथे तेच होतं. बार निघाला की रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे येतं. उरलेल्या काडतुसांची पितळी टोपणं कडेने धरलेली असतात, तीही मागे येतात. त्यातली साडेपंधरा ग्रॅमची गोळी मात्र जागच्या जागी राहू पाहते, म्हणजे टोपणातून पुढे निघते. दोन-तीन बारांत ती सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की सांगाड्याला अडते आणि सिलिंडर फिरायचं थांबतं. हे होऊ नये म्हणून टोपणाचं तोंड गोळीवर दाबून घट्ट करतात, त्याला क्रिंप म्हणतात. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी डब्यातली काडतुसं बाहेर काढली. चार-पाचांतली गोळी बोटांनी गोल फिरत होती. क्रिंप नावालाही नव्हता.

मी तसाच बायकोला उठवायला गेलो. ती म्हणाली, ताईचा नवरा आहे, पाहुणा आहे, चार दिवस गप्प बस. मी सहा वर्षं गप्प बसलो.

ते परत गेल्यावर मी व्हर्नियर, म्हणजे बारीक लांबी मोजायचं साधन, घेऊन रेंजवर गेलो. सहा भरायची, पाच उडवायची, सहावीची लांबी मोजायची. कंपनीची २४० ग्रेनची (म्हणजे साडेपंधरा ग्रॅमच्या गोळीची) काडतुसं पाव मिलिमीटर वाढली. ३०० ग्रेनची जड गोळी पाऊण मिलिमीटर. म्हणजे कंपनीच्या मालानेही ते जाम झालं नाही, पण गोळ्या हलल्या. हलक्या रिव्हॉल्व्हरचा हा गुण आहे आणि तो माझ्या निवडीचा दोष होता, एवढं साडूंच्या पदरात टाकतो.

मग ते विकलं, दोनशे डॉलर घालवले आणि रुगरचं सुपर रेडहॉक अलास्कन घेतलं. ते २००५च्या सुमारास या कामासाठीच बाजारात आलेलं आहे. नळी तीच, अडीच इंच. काडतूस तेच. वजन सव्वा किलो. गोळी आणि दारू तीच असेल तर धक्क्याचा संवेग तोच राहतो, पण हाताला बसणारी ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात. सव्वा किलोच्या मानाने ८३० ग्रॅमला ती दीडपट. व्हर्नियरने मोजलं, सहाव्या गोळीत फरक दिसला नाही. तेव्हा प्रश्न नळीचा नव्हता, वजनाचा होता आणि क्रिंपचा होता. दुकानदार तुम्हाला सांगेल, हलकं घ्या, जाणवणारही नाही. खिशात असेपर्यंत जाणवणार नाही.

आखूड नळीने जे खरंच बिघडतं ते वेगळं. ढोबळ मानाने दर इंचामागे वेग सेकंदाला तीस ते पन्नास फुटांनी घटतो, कारण गोळीला ढकलायला वायूला नळीत पुरेसं अंतर मिळत नाही. तो टरबुजाएवढा जाळ म्हणजे तुम्ही पैसे मोजून घेतलेली ऊर्जा. तरीही ४४ स्पेशलच्या जुन्या सेकंदाला ७५५ फुटांच्या मानाने आखूड मॅग्नम पुष्कळ पुढे असतं, तेव्हा “मग स्पेशलच घ्या” म्हणणारेही पूर्ण बरोबर नाहीत. पुढची-मागची खूण जवळजवळ आल्याने नेम धरायला त्रास होतो. सात मीटरवर मी जेवणाच्या ताटात सहापैकी पाच घालतो, पंचवीस मीटरवर भिंतीत घालीन. आवाज १६० डेसिबलच्या वर जातो. एकाच आवाजाने कानाला इजा व्हायची मर्यादा १४० धरतात. आणि डावा अंगठा सिलिंडरच्या पुढे कधीही जाऊ देऊ नका. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून बाजूला निघणारा गरम वायू मांस कापतो. मोठ्या बोअरमध्ये हा विनोद नाही.

सरावाला ४४ स्पेशल वापरा, मॅग्नममध्ये ते चालतं आणि मनगट वाचतं. महिन्यातून पन्नास बार काढणार नसाल तर घेऊच नका. कपाटात ठेवून वर्षातून एकदा मित्राला दाखवायचं असेल तर घड्याळ घ्या. आणि डेन्व्हरच्या अपार्टमेंटमध्ये घरफोड्यासाठी ४४ मॅग्नम ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. गोळी शेजाऱ्याच्या बेडरूमपर्यंत जाईल आणि बंद खोलीतल्या आवाजाने तुम्ही पोलिसांशी फोनवर बोलण्याच्या लायक राहणार नाही.

आता राहिलेलं. नदीवर माझ्या छातीवर रिव्हॉल्व्हर असतं हे खरं, पण उजव्या हाताला अस्वलाच्या स्प्रेचा डबा असतो आणि हात आधी तिकडेच जातो. स्मिथ आणि हेरेरो वगैरे संशोधकांनी अलास्कातल्या घटनांचा अभ्यास २००८ला छापला, त्यात तपकिरी अस्वलांना स्प्रेने ९२ टक्के वेळा थोपवलं होतं. चौदा वर्षांत अस्वल जवळ आलं दोनदा. दोन्ही वेळा ते माशांचे सांगाडे हुंगून निघून गेलं, मी म्यानाचं बटणही काढलं नाही. आणि समजा मारलंच, तर इथला कायदा कातडं आणि कवटी सोडवून सरकारला जमा करायला लावतो, वर पंधरा दिवसांत लेखी अहवाल. आमच्या सांगलीच्या घरी कोंबडी साफ करायला शेजारचे काका यायचे.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: एच-१बीवर असताना तुम्ही ते विकत घेऊ शकत नाही. नॉन-इमिग्रंट, म्हणजे एच-१बीसारख्या तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे. खिशात एक काडतूस सापडलं तरी गुन्हा. अमेरिकेत मिळालेला वैध शिकार परवाना असेल तर अपवाद आहे, पण तो स्वतःच्या समजुतीवर वापरू नका, वकिलाला विचारा. एका हौसेपायी ग्रीन कार्ड घालवू नका. मी स्वतः ते हातात येईपर्यंत थांबलो होतो.

साडूंचा तो डबा अजून माझ्याकडे आहे. पन्नासातली सहा गेली, चव्वेचाळीस उरली. झाकणावर मोजमापं लिहून ठेवलीत, तारखेसकट. ते स्वतः मराठी वाचायचा कंटाळा करतात, पण मेव्हणी ही प्रश्नोत्तरं रोज वाचते. ताई, या गणपतीत त्यांनी किस्सा सुरू केला की काडतुसं कुणी भरली होती, एवढंच विचारा.