दुसऱ्याने बसवलेला बॉयलर आणि माझी सही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या घरातला जुना बॉयलर बंद पडला, दिरांच्या ओळखीतल्या एका हुशार माणसाने नवा कॉम्बी (घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा बॉयलर) दोन दिवसांत बसवून दिला, तो माणूस गॅस सेफ या गॅसवाल्यांच्या अधिकृत नोंदणीतला नाही, बॉयलर तीन आठवडे छान चालतोय. आता सर्टिफिकेटसाठी फोन केले तर दोघांनी सरळ नाही म्हटलं. तिसऱ्याने व्हॉट्सॲपवर फोटो मागवले आणि अडीचशे पाउंडांत 'करून देतो' म्हणाला. पहिले दोघे भाव खातायत का, असं तुम्ही विचारताय.

नाही. तुम्ही सावध राहायचं ते तिसऱ्यापासून.

मी गॅस इंजिनिअर म्हणून या धंद्यात आलो ते कॉर्गीच्या, म्हणजे आधीच्या नोंदणी संस्थेच्या, शेवटच्या काळात. १ एप्रिल २००९ ला गॅस सेफ रजिस्टर सुरू झालं, कार्ड बदललं, पण 'एक सही द्याल का' हा फोन बदलला नाही. आपल्या लोकांचे असे फोन जास्त येतात, आणि त्याचं कारण मला कळतं. आपल्याकडे वायरिंग एकाने करायचं आणि टेस्ट रिपोर्टवर सही लायसन्सवाल्याची घ्यायची, यात कुणाला काही खटकत नाही. सही ही 'घ्यायची' वस्तू आहे हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

इथे त्या कागदावर काय लिहिलेलं असतं ते आधी बघा. नवा बॉयलर बसवला की इंजिनिअरने ३० दिवसांच्या आत ते काम गॅस सेफकडे नोंदवायचं असतं. मग घरमालकाला बिल्डिंग रेग्युलेशन्सचं, म्हणजे काम बांधकामाच्या नियमांत बसतं याचं, सर्टिफिकेट येतं. (मी इंग्लंडचं सांगतोय, स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे.) त्या नोंदीचा अर्थ 'मी बॉयलर पाहिला आणि बरा वाटला' असा होत नाही. 'हा बॉयलर मी बसवला, नियमात बसवला' असा होतो. कौन्सिलचा माणूस तपासायला येत नाही, कारण ज्याने काम केलं तोच जबाबदारी घेतोय. दुसऱ्याच्या कामावर मी अशी नोंद केली, तर ती सरळ सरळ खोटी नोंद झाली आणि माझी नोंदणी जाऊ शकते.

विजेच्या कामात इंग्लंडात तिसऱ्याकडून सर्टिफिकेट घ्यायची सोय आहे, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. पण तिथेही तो तपासणारा काम सुरू व्हायच्या आधी नेमावा लागतो. गॅसला ती वाटच नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही शेवटी हळूच विचारलाय: एखाद्याने येऊन सगळं नीट तपासलं आणि सगळं बरोबर निघालं, तर मग सही द्यायला काय हरकत? हा प्रश्न रास्त आहे, आणि 'नियम आहे म्हणून' एवढं उत्तर मला स्वतःलाही पुरत नाही.

काही वर्षांपूर्वी हॅरोला एका घरी असाच गेलो होतो. सही देणार नाही, तपासून लेखी देईन, असं आधीच सांगून गेलो. बॉयलर चकचकीत, भिंतीवर अगदी ओळंब्यात, पाइप क्लिपांत रांगेने बसवलेले. काम करणाऱ्याचा हात चांगला होता, यात शंका नाही. घरातल्या आजींनी चहा ठेवला. मी म्हटलं, शेगडीचे चारही बर्नर पूर्ण सुरू करा, आणि गरम पाण्याचा नळ सोडा. मीटरपाशी दाब २१ मिलीबार असायला हवा, दोन इकडे किंवा तिकडे चालतो. तिथून बॉयलरपर्यंत येताना घट एका मिलीबारच्या आत राहिली पाहिजे. मीटरपाशी २० होता. बॉयलरपाशी गेज लावला तर १४. जुन्या बॉयलरला पुरणारा १५ मिलिमीटरचा पाइप त्याने तसाच ठेवला होता, आणि ३० किलोवॅटचा कॉम्बी त्यातून गॅस ओढत होता. तासाला तीन घनमीटरच्या आसपास गॅस लागतो याला, तो एवढ्याशा स्ट्रॉमधून ओढणार कसा!

पण दाब कमी असला तर तो गेजवर दिसतो तरी. पुढची गोष्ट मात्र नुसत्या डोळ्यांना दिसणारी नव्हती. या बॉयलरचा फ्ल्यू म्हणजे पाइपात पाइप: आतल्यातून धूर बाहेर जातो, बाहेरच्यातून ताजी हवा आत येते. हवेच्या बाजूला ॲनालायझरची, म्हणजे वायू मोजणाऱ्या यंत्राची, नळी घातली. ताज्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, तिथे निदान २०.६ तरी दिसला पाहिजे. मला १९ च्या आसपास दिसला. म्हणजे आतला धूर गळून हवेत मिसळत होता आणि बॉयलर आपलाच उच्छ्वास पुन्हा आत घेत होता. मालकांच्या परवानगीने फ्ल्यू उतरवला. कोपऱ्याच्या जोडात रबरी सील घडी पडून खोबणीबाहेर आलेलं. पाइप कोरडाच दाबून घातला होता, ग्रीस नाही. जोड बाहेरून बघितला तर अगदी व्यवस्थित. तुमच्या तिसऱ्याने व्हॉट्सॲपवर मागवलेल्या फोटोतही तो व्यवस्थितच दिसला असता.

बॉयलर बंद केला, 'वापरू नका'चं लेबल लावलं, कागद दिला. आजींना वाईट वाटलं. चहा मात्र दिला त्यांनी.

तो दोष मला सापडला, कारण ॲनालायझरने तो दाखवला. पण भिंतीत गाडलेला पाइप सोल्डर करताना कुणी काय केलं, प्लास्टरमधून तो नेताना त्याला वेष्टण घातलं का, जोड फ्लक्सने (सोल्डरिंगच्या पेस्टने) बरबटून तसाच ठेवला का, हे कुठलं यंत्र मला सांगणार? टाइटनेस टेस्टमध्ये, म्हणजे गळती तपासताना, दोन मिनिटं काटा हलला नाही, तर आज गळत नाही एवढंच समजतं. हिरवा पडत चाललेला तांब्याचा पाइप तीन वर्षांनी गळायला लागेल, तेव्हा नाव माझं असेल.

लंडनच्या न्यूहॅममध्ये १६ मे १९६८ ला रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला आणि चार माणसं गेली. सुरुवात १८ व्या मजल्यावरच्या गॅसच्या स्फोटाने झाली, आणि चौकशीत बोट गेलं ते शेगडीच्या जोडणीतल्या एका कमअस्सल पितळी नटाकडे. इमारतीची बांधणी कच्ची होती हा वेगळा मोठा विषय. मला आठवतो तो नट. त्या घरात जाऊन कुणी 'तपासणी' केली असती, तर घट्ट बसलेला नट पाहून पुढे गेला असता. १९७० मध्ये कॉर्गी सुरू झाली ती या घटनेनंतरच, आणि व्यावसायिकांना नोंदणी सक्तीची झाली १९९१ मध्ये.

आता एक करडी जागा आहे, तीही सांगतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल की सगळे गॅसवाले हेच करतात. पाण्याची बाजू, म्हणजे रेडिएटर, त्यांचे पाइप, सिस्टिम धुणं, हे काम नोंदणी नसलेला प्लंबरही करू शकतो. तो तेवढं करतो, आणि मी येऊन बॉयलर, गॅसचा पाइप, फ्ल्यू आणि शेवटचं कमिशनिंग (तपासून चालू करणं) करतो. ते इन्स्टॉलेशन माझं, नोंद मी करतो, आणि त्यात काही गैर नाही. पण हे आधी ठरलेलं असतं आणि पाइप भिंतीत जायच्या आधी मी पाहिलेला असतो. 'सगळं झालंय, फक्त शेवटचा नट तुम्ही आवळा म्हणजे काम तुमचं' हा त्यातलाच प्रकार आहे असं एका बिल्डरने मला फार गोड शब्दांत समजावलं होतं. दहा फ्लॅट, प्रत्येकी शंभर पाउंड. मी नाही म्हटलं, आणि त्याने मला पुढे कधी बोलावलं नाही. त्या महिन्यात ते पैसे मला हवे होते, हेही खरं.

तुमच्या त्या ओळखीच्या माणसाबद्दल मला राग नाही. पण १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांत पैसे घेऊन काम करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे, आणि फुकट करणाऱ्यालाही काम येत असलंच पाहिजे ही अट सुटत नाही. त्याला हे सांगा. पुढच्या घरी तरी तो थांबेल.

तिसरा माणूस बहुधा काय देईल तेही सांगतो. लँडलॉर्डला दर वर्षी लागतो तो सुरक्षा तपासणीचा कागद, ज्याला अजून बरेच जण सीपी१२ म्हणतात, तो भरून देईल आणि तुम्हाला वाटेल की सर्टिफिकेट आलं. तो कागद म्हणजे त्या दिवशीची तपासणी, इन्स्टॉलेशनचं सर्टिफिकेट नव्हे. घर विकताना वकील विचारतो ते दुसरंच. १ एप्रिल २००५ नंतर बसवलेल्या हीटिंगचा कागद मागतात, आणि तो नसला की इन्डेम्निटी विमा काढा म्हणतात. तो विमा कौन्सिलच्या कारवाईपासून वाचवतो, कार्बन मोनॉक्साइडपासून नाही.

मग करायचं काय? आज बॉयलर बंद ठेवा, थंडी असली तरी. कव्हर उघडू नका, कुणाला उघडूही देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर आजच आणा. ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडात नव्या बॉयलरबरोबर तो लागतोच, आणि त्या माणसाने बसवला नसेल तर त्यावरूनच काय ते समजा. गॅसचा वास आला तर मीटरपाशी कॉक बंद, खिडक्या उघड्या, आणि ०८०० १११ ९९९ ला फोन.

मग गॅस सेफवाल्याला फोन करा आणि खरं सांगा: नोंदणी नसलेल्याने बसवलाय, आधी तपासून लेखी द्या, आणि जमत असेल तर गॅस लाइन आणि फ्ल्यू काढून तुमच्या हाताने परत बसवा. काही जण तयार होतात. तसं झालं तर ते काम त्याचं, आणि नोंदही तो खरी करू शकतो. पैसे बरेच जातील, कधीकधी नवीन बसवण्याच्या जवळपास. दुसरा रस्ता कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलकडून रेग्युलरायझेशन, म्हणजे झालेलं काम मागाहून नियमित, करून घेण्याचा. त्याची फी वेगळी, आणि बहुतेक ठिकाणी ते गॅस इंजिनिअरचा अहवाल मागतात, म्हणून पहिली पायरी तीच. वॉरंटीचंही तेव्हाच बघा. बॉयलरच्या पुस्तकात मागे बेंचमार्कचं, म्हणजे बसवणाऱ्याने भरायच्या नोंदीचं, पान असतं, ते तुमच्याकडे कोरं असणार.

जो कुणी यायला तयार होईल, त्याला आधी कार्डाची मागची बाजू पाठवायला सांगा. पुढची बाजू सगळेच पाठवतात, फोटो आणि नंबर असतो म्हणून. मागे कुठकुठल्या कामाची पात्रता आहे ते लिहिलेलं असतं. माझ्या ओळखीच्या एकाकडे फक्त शेगड्यांची होती, आणि तो दोन वर्षं लोकांचे बॉयलर बघत होता.