ह्यांना क्रूझवर न्यायचंय, पण जेवणाचं काय करू?

ठाण्यात नौपाड्यात माझी समुपदेशनाची प्रॅक्टिस आहे आणि माझ्याकडे आजारी माणसापेक्षा त्याच्या घरातलं माणूसच जास्त येतं. हल्ली एक प्रश्न खूपदा येतो, की नवऱ्याला (किंवा बायकोला) मोठं दुखणं आहे, पथ्य कडक आहे आणि तरी त्यांना फिरायला जायचंय, तेही बोटीवर, तर न्यावं का? मुंबईहून गोव्याला दोन रात्रींच्या क्रूझ सुटायला लागल्यापासून हे आपल्यासारख्या घरांना परवडायला लागलंय, म्हणून विचारणारेही वाढलेत. एका जोडप्याची गोष्ट सांगते, दोघांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

काकू पाचपाखाडीतल्या, साठीच्या आसपासच्या. काकांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा, सोमवार बुधवार शुक्रवार, सकाळच्या शिफ्टला डायलिसिस. सगळी नोकरी माझगावला गोदीत फिटर म्हणून झाली. म्हणजे आयुष्यभर जहाजं बांधली, पण प्रवासी म्हणून जहाजात कधी बसलेच नाहीत. आता त्यांनी हट्ट धरला की मला एकदा बोटीने गोव्याला जायचंय. पुण्याची मुलगी म्हणाली बाबा वेडेपणा करू नका, नणंद म्हणाली या वयात कसली थेरं, आणि काकू मध्ये अडकल्या. मला म्हणाल्या, "अहो ताई, घरी काही झालं तर लोक म्हणतील नशीब, बोटीवर झालं तर म्हणतील हिने नेलं."

हे वाक्य मी पुढे कितीतरी जणींकडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकलंय. म्हणून पहिल्यांदा तेच बोलूया. दोष कोणाचा हा प्रश्न आणि धोका किती हा प्रश्न, हे दोन वेगळे आहेत आणि घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात ते एकमेकांत गुंतलेले असतात. धोका किती ते डॉक्टर सांगू शकतात. दोषाचं मात्र कोणताच डॉक्टर सांगणार नाही, ते घरात बोलूनच सोडवावं लागतं. काकूंना मी म्हटलं, आधी नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांकडे जा, काकांना घेऊन जा, आणि न्यावं का असं विचारू नका, काय काय बिघडू शकतं आणि त्यासाठी काय करायचं ते विचारा.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून काकूंना धक्का बसला. शुक्रवारी सकाळी डायलिसिस करून दुपारी बोटीत बसलात आणि रविवारी परत आलात, तर सोमवारचं डायलिसिस चुकत नाही, शुक्रवार ते सोमवार ही गॅप तर ते दर आठवड्याला घरी काढतातच. ही मोठी गॅप तशी जपायचीच असते, कारण तोवर अंगात पाणी आणि पोटॅशियम दोन्ही साठत जातं, पण ती बोटीमुळे नवीन येत नाही. नवीन येतं ते ताट! घरी काकू ताट वाढतात, बोटीवर बुफे असतो आणि सगळं मोकळं समोर मांडलेलं असतं.

मग मी दोघांना एकत्र बोलावलं. खरी गोष्ट तिथे कळली. काका म्हणाले, "मी हिच्यासमोर जेवतच नाही धड. ही माझ्या घासाकडे बघत बसते." काकू म्हणाल्या, "बघू नको तर काय करू, गोखले रोडला वडापाव खाऊन येतात आणि मला सांगतात पाय मोकळे करायला गेलो होतो." काकू पाणी मोजून बाटलीत भरायच्या, लोणच्याची बरणी लपवायच्या, पाहुण्यांसमोर सुद्धा अहो पुरे म्हणायच्या. त्यांच्या बाजूने बघाल तर दुसरा काय मार्ग होता, डायलिसिस सेंटरवर वजन जास्त भरलं की बोलणी त्यांनाच बसायची. पण चाळीस वर्षांचा संसार असा पहारेकरी आणि कैदी होऊन बसला होता आणि काकांना बोटीवर का जायचं होतं, त्याचं निम्मं कारण मला त्यात दिसलं. ज्या माणसाचं शरीर आठवड्यातून तीनदा मशीनच्या ताब्यात असतं त्याला कुठेतरी स्वतःचं स्वतः ठरवायचं असतं हो.

माझं मत इथे अगदी ठाम आहे. आजारी माणूस शुद्धीवर असेल, समजून घेऊ शकत असेल, तर त्याच्या ताटाची जबाबदारी त्याच्याकडे द्या. मदत करा, स्वयंपाक करा, आठवण द्या, पण पोलीस होऊ नका. क्रूझला जायचं का याचं उत्तर मी यावरूनच ठरवायला सांगते, माणूस बुफेसमोर स्वतःहून थांबू शकतो का? शकत असेल तर बाकीची तयारी होते. नसेल तर आधी त्यावर काम करा, बोट कुठे पळून जात नाही.

तर काकांना आम्ही कामाला लावलं. डाएटिशियनकडे ते एकटे गेले, वही घेऊन, आणि परत आले ते काकूंचा एक मोठा गैरसमज उघड करूनच. झालं असं होतं की डायलिसिस सुरू व्हायच्या आधी त्यांना प्रोटीन कमी करायला सांगितलं होतं, ते काकूंनी इतकं मनावर घेतलं की अंडं, मासे सगळं बंद. पण डायलिसिस सुरू झालं की उलटं होतं, त्यात प्रोटीन बाहेर जातं म्हणून खाण्यातलं वाढवावं लागतं, साधारण वजनाच्या दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम. म्हणजे बोटीवर त्यांना उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, मासा, चिकन चालणार होतं, फक्त मीठ-मसाला कमी. काकूंना रडूच आलं, इतके महिने मी ह्यांना पापलेट दिलं नाही म्हणून. मी म्हटलं रडू नका, आज आणा. (आणलं त्यांनी.)

बाकी पथ्य काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि ते वाचताना माझीही माहिती पक्की झाली. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे पापड, लोणचं, सॉस, चीज, फरसाण नाही. लो सोडियम मीठ म्हणून जे मिळतं ते तर मुळीच नाही, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. पोटॅशियमसाठी शहाळं, केळं, संत्र्याचा ज्यूस, सुका मेवा, टोमॅटोची ग्रेव्ही टाळायची, बटाटा आणि पालेभाज्या पाण्यात उकळून ते पाणी फेकल्याशिवाय नाही, आणि फळांच्या काउंटरवर स्टार फ्रूट दिसलं तर हातही लावायचा नाही, किडनीच्या पेशंटला त्याने झटके येऊ शकतात. सफरचंद, पेअर चालतं. कोला आणि प्रोसेस्ड पदार्थात फॉस्फरस, ते नको, आणि जेवणातला फॉस्फरस अंगात शिरू न देणारी गोळी जेवणासोबतच घ्यायची, नंतर आठवली म्हणून घेऊन उपयोग नाही. पाणी त्यांना दिवसाला एक लिटर सांगितलेलं, त्यात चहा, ताक, आमटी, आइस्क्रीम, बर्फ सगळं धरायचं. सूप तर दोन्हीकडून वाईट, मीठही आणि पाणीही.

बोटीच्या कंपनीला मेलही काकांनीच लिहिला, नातवाकडून टाइप करून घेतला, आणि तो फार चांगला मेल होता. कारण बहुतेक लोक नुसतं "किडनीचं जेवण हवं" असं लिहितात आणि किचनमधल्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. जैन, डायबेटिक, ग्लुटेन फ्री हे त्यांना माहीत असतं. काकांनी लिहिलं की मला साधा भात, बिनमिठाची पोळी, दुधी किंवा कोबीची उकडून पाणी काढलेली भाजी, ग्रिल केलेला मासा मिठाशिवाय, टोमॅटो ग्रेव्ही नको. असं लिहिलं की हो किंवा नाही असं स्पष्ट उत्तर मिळतं. हे बुकिंगच्या आधी विचारा बरं का, पैसे भरल्यावर नाही. घरचं शिजवलेलं अन्न सहसा बोटीवर नेऊ देत नाहीत, त्यामुळे डबा नेऊ हा भरवसा धरू नका. आजार लपवून तर कधीच जाऊ नका. फिट टू ट्रॅव्हल सर्टिफिकेट घ्या, इन्शुरन्स काढताना आधीपासूनचा आजार सांगा, नाहीतर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा निघतो.

एक गोष्ट काकूंना मी दोनदा सांगितली. बोटीवर डॉक्टर असतो, पण तो पहिला उपचार करून बंदरापर्यंत सांभाळण्यासाठी, डायलिसिसचं मशीन तिथे असेल असं धरून चालू नका, आणि किनारा सुटला की मोबाईलची रेंजही जाते. म्हणून सगळं कागदावर हवं, औषधांची यादी, शेवटचे रिपोर्ट, ड्राय वेट (म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन), फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) कोणत्या हाताला आहे ते, त्या हातावर बीपी बघायचं नाही आणि सुई टोचायची नाही हेही. औषधं हँडबॅगेत, दोन दिवस जास्तीची. बोट लागली तर उलटीची कोणती गोळी चालेल ते आधी विचारून ठेवलेलं, अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखं काही मनाने घ्यायचं नाही. आडवं झाल्यावर धाप लागली, हातपाय एकदम गळाले, छातीत धडधडलं तर उद्या बघू नाही, तिथल्या तिथे डॉक्टर. आणि बोटीला उशीर झाला तर सोमवारऐवजी कधी जागा मिळेल ते सेंटरला आधीच विचारलेलं.

रंगीत तालीम म्हणून दोन गोष्टी करायला लावल्या. एक, ठाण्यातल्याच एका हॉटेलात बुफे जेवायला जा, काका स्वतः ताट भरतील आणि काकूंनी त्यांच्याकडे पाठ करून बसायचं, घरी आल्यावरही विचारायचं नाही. काकूंना ते इतकं जड गेलं की त्या स्वतःच नीट जेवल्या नाहीत. दुसरी, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या फेरीबोटीने) मांडव्याला जाऊन या, तासाभराचा प्रवास, काकांना बोट लागते का, चालवतं किती, सगळं कळेल. काकांना काही झालं नाही, काकूंनाच मळमळलं, ते बरं झालं आधी कळलं.

मग डिसेंबरमध्ये गेले. समुद्र शांत असतो म्हणून डॉक्टरांनीच थंडी सुचवलेली. फ्रीवेने बॅलार्ड पिअरला पोचले, डायलिसिस करून थकलेले होते म्हणून काका व्हीलचेअर घेऊन चढले, त्याचं त्यांना वाईट वाटलं. शनिवारी दुपारी दोघांचं भांडण झालं, बुफेत काकांनी दाल मखनी वाढून घेतली आणि काकूंच्या तोंडून निघालंच, अहो ती नको. काका ताट तसंच टेबलावर ठेवून डेकवर निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. नंतर काकूंना घेऊन वर गेले आणि लाईफबोट खाली कशी सोडतात, क्रेन कशी फिरते ते तासभर समजावत बसले. काकू मला म्हणाल्या, लग्नाला चाळीस वर्षं झाली, हे काय काम करायचे ते मला तेव्हा कळलं. रात्री काकांनी वाटीभर आइस्क्रीम खाल्लं आणि वहीत लिहिलं. सोमवारी वजन नेहमीपेक्षा थोडं जास्त भरलं, टेक्निशियनला ते काकांनी स्वतः आधीच सांगितलं होतं.

सगळ्यांना मी जा म्हणत नाही. नुकतं ॲडमिट होऊन आलेले, डायलिसिसमध्ये बीपी सारखं पडणारे, गळ्यात कॅथेटर (डायलिसिसची नळी) असून ताप येऊन गेलेले, डायलिसिस चुकवणारे, यांना थांबाच म्हणते. लिव्हर सिरॉसिस असेल तर मिठाचं गणित असंच कडक असतं, किमो चालू असेल तर बुफेतलं कच्चं सॅलड, उघडी कापलेली फळं हा वेगळा धोका असतो, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारायचं.

आता काकांना कोची बघायचंय. बोटीने तेवढे दिवस गेलं तर डायलिसिस चुकेल म्हणून डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं आणि या वेळी काका चिडले नाहीत. ट्रेनने जायचं ठरतंय. तिथल्या सेंटरला आधी स्लॉट घ्यावा लागतो, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट आणि डायलिसिसचा सगळा रेकॉर्ड पाठवावा लागतो, ते फोन सध्या काकू करतायत. जेवणाचं विचारलं तर म्हणाल्या, ते ह्यांचं हे बघतील.